सायकलीनें एक देश ओलांडतांना : मार्ग कसा आंखावा

गेल्या वर्षीं फेब्रुवारीच्या आरंभीं आमच्या शाळेच्या एका माजी विद्यार्थिनीचें पत्र आलें. ती इंग्लंडांतील एका इस्पितळांत परिचारिका आहे. साठवून ठेवलेली रजा मिळून तिला मे महिन्यांत २४ दिवस मोकळे मिळणार होते, व त्या दिवसांत ब्रिटनच्या नैर्ऋत्य टोंकापासून ईशान्य टोंकापर्यंत, म्हणजे लँड्स एंडपासून जॉन ओग्रोट्सपर्यंत, सायकलीनें जावें असा तिचा विचार होता. "या प्रवासाचीं पुस्तकें येथें पुष्कळ मिळतात," असें तिनें लिहिलें होतें, "परंतु मीं ज्या वर्गांत भूगोल शिकलें त्या वर्गानें काढून दिलेल्या वाटेनें मला जावयाचें आहे. वाट सुंदर असावी, आणि माझे गुडघे आतां चाळिशीकडे झुकले आहेत हेंहि ध्यानांत असावें."

तें पत्र आम्हीं इयत्ता नववीच्या वर्गांत वाचून दाखविलें. मुलांस फार आनंद झाला. आम्हांस मात्र आनंदाबरोबर थोडी धास्तीहि वाटली. उत्तरपत्रिकेंतील चूक लाल शाईनें दुरुस्त करितां येते. या उत्तरपत्रिकेवरून एक माणूस खरोखरच जाणार होतें. तो मार्ग आम्हीं कसा आंखला, आणि त्यांत कोठें चुकलों, तें येथें सांगण्याचें योजिलें आहे.

पहिल्याच दिवशीं एका विद्यार्थ्यानें भिंतीवरील नकाशावर पट्टी ठेवली आणि सांगितलें कीं, अंतर सुमारें ६०० मैल आहे. तें बरोबर होतें. परंतु तें पक्ष्यांसाठीं. माणसांनीं रूढ केलेला रस्ता ८७४ मैलांचा धरितात, आणि मोठ्या वाहनांची गर्दी टाळून, नदीकांठानें व गांवरस्त्यांनीं जावयाचें म्हटलें म्हणजे तोच आंकडा हजाराच्या आंतबाहेर जातो. मैल म्हणजे सुमारें १.६ किलोमीटर, हें विसरूं नये. त्या देशांतील पाट्यांवर अजून मैलच लिहिलेले असतात. २४ दिवसांतून दोन दिवस जाण्यायेण्याचे वजा केले, कारण लँड्स एंडला आगगाडी जात नाहीं. १० मैल अलीकडे पेंझान्स येथें उतरावें लागतें, आणि परततांना थर्सो किंवा विक गांठावें लागतें. दोन दिवस विश्रांतीचे ठेविले. राहिले २०. हजारास विसांनीं भागून रोजचे ५० मैल असें वर्गानें फळ्यावर लिहिलें. भागाकार निर्दोष होता. मार्गाची आंखणी त्या भागाकारावर उभी करणें हाच पहिला दोष होता, पण तो पुढें कळला.

प्रथम दिशेचा प्रश्न घेतला. या देशाच्या नकाशाकडे पाहिल्यास वरून खालीं उतरावें असें वाटतें, कारण नकाशांत उत्तर वर असते आणि उतरणें सोपें असा आपल्या मनाचा समज असतो. परंतु ब्रिटनमध्यें वर्षांतील बहुतेक दिवस वारा अटलांटिक महासागरावरून, म्हणजे नैर्ऋत्येकडून, वाहतो. दिवसाचे सहा सात तास पायडल मारणाऱ्यास वारा पाठीवर असणें आणि तोंडावर असणें यांत किती अंतर आहे, तें आमच्या गांवाहून दररोज सायकलीनें येणाऱ्या मुलांस सांगावयास नको. म्हणून दक्षिणेकडून उत्तरेकडे जावें असें ठरलें. तरीहि एक पोटनियम आम्ही मुलांस सांगावयास विसरलों. वसंत ऋतूंत तेथें ईशान्येकडून वारा वाहण्याचें प्रमाण इतर ऋतूंपेक्षां अधिक असतें. मे महिना निवडण्याचे लाभ मात्र आम्ही मोठ्या उत्साहानें मोजले होते : उत्तर टोंकाशीं महिन्याच्या अखेरीस दिवस १७ तासांहून मोठा असतो, डोंगरांवर गॉर्सचीं पिवळीं फुलें फुललेलीं असतात, आणि स्कॉटलंडांतील मिज नांवाचीं सूक्ष्म चिलटें, जीं थव्यांनीं येऊन माणसास रडकुंडीस आणितात, तीं अद्याप भरांत आलेलीं नसतात.

मग चढउतार. येथें आमच्या वर्गाची समजूत अशी कीं, दक्षिणेकडील कॉर्नवॉल व डेव्हन हे समुद्रकांठचे प्रांत, तेव्हां ते सपाट. आणि स्कॉटलंडांत हायलँड्स नांवाचे डोंगर, तेव्हां तेथें कष्ट. समोच्चतादर्शक रेषा असलेला नकाशा उघडल्यावर उलट चित्र दिसलें. कॉर्नवॉलमध्यें एकही उंच पर्वत नाहीं, परंतु तेथील नद्यांनीं जमीन सुरीनें कापल्यासारखी खोल चिरली आहे, आणि रस्ते त्या चिरा आडव्या ओलांडतात. गांव खालीं खाडीच्या तोंडाशीं, पुढचें गांव दुसऱ्या खाडीच्या तोंडाशीं, आणि मध्यें टेंकाड. दहा टेंकाडें चढावीं व दहाहि उतरावीं, आणि शेवटीं समुद्रसपाटीसच असावें, असा तो प्रदेश. याचें कारण फार जुनें आहे. हिमयुगांत स्कॉटलंड बर्फाच्या जाड थराखालीं होतें. हिमनद्यांनीं तेथील दऱ्या घासून रुंद व सपाट तळाच्या केल्या, आणि पुढें रस्ते त्या तळांतून गेले. कॉर्नवॉलची भूमि जवळजवळ सर्व त्या बर्फाच्या बाहेर राहिली. तेथें दरी पाण्यानें कोरली तशीच अरुंद राहिली.

ब्रिटनच्या सरकारी मोजणीखात्याचे नकाशे या कामीं फार उपयोगी पडतात. ऑर्डनन्स सर्व्हे नांवाचें हें खातें १७९१ पासून काम करीत आहे. त्याच्या ५० हजारांत एक या प्रमाणाच्या नकाशांवर तीव्र चढाच्या रस्त्यावर बाणाचें टोंक छापलेलें असतें. एक टोंक असल्यास चढ सातांत एक ते पांचांत एक, आणि दोन असल्यास त्याहूनहि तीव्र. सातांत एक म्हणजे सात फूट पुढें गेलें असतां एक फूट वर. बोरघाटांतील आगगाडीच्या मार्गाचा तीव्रतम चढ सदतिसांत एक आहे, आणि तेवढ्यासाठींहि गाडीस मागून इंजिनें लावावीं लागतात. कॉर्नवॉलच्या गल्लीवजा रस्त्यांवर हीं बाणांचीं टोंकें इतकीं दिसलीं कीं, एका मुलीनें त्या पानास काट्यांचें कुंपण असें नांव दिलें.

तेव्हां दोरा काढला. नकाशावरील वळणावळणाच्या रस्त्यावर दोरा ओला करून बसवावा, मग सरळ करून प्रमाणपट्टीवर मोजावा, ही रीत जुनी व खात्रीची आहे. संगणकावर तेंच काम एका क्षणांत होतें हें आम्ही जाणतों. आम्हीं तेंहि करविलें, परंतु दोऱ्यानंतर. ज्याच्या बोटांनीं प्रत्येक वळण चांचपलें त्यास तें वळण आठवतें. दोऱ्यानें अंतर मिळालें, रेषा मोजून चढ मिळाला, आणि दोहोंची बेरीज करण्यासाठीं वर्गानें स्वतःपुरता एक नियम केला : दर १०० फूट चढास अर्धा मैल अधिक धरावा. ४० मैलांत ३५०० फूट चढ असेल तर तो दिवस साडेसत्तावन मैलांचा. ५० मैलांत हजारच फूट असेल तर तो पंचावन्नांचा. ज्या दिवसाचें अंतर थोडें तोच दिवस जड, हें पाहून मुलें चकित झालीं. फळ्यावरील ५० हा आंकडा त्याच दिवशीं पुसला गेला. पहिल्या चार दिवसांस आम्हीं रोज ४० हूनहि कमी मैल दिले, आणि जे उरले ते पुढील सपाट प्रदेशांत वांटून टाकले.

कॉर्नवॉलच्या कुंपणांतून सुटण्यास एक दार सांपडलें, तें आगगाडीचें. १९६३ मध्यें डॉक्टर रिचर्ड बीचिंग यांनीं ब्रिटिश रेल्वेविषयीं अहवाल दिला, आणि त्यानंतर तेथील लहान लहान फांटे मोठ्या संख्येनें बंद झाले. रूळ उखडले, परंतु भराव, खोदकाम व पूल जागच्या जागीं राहिले. आणि आगगाडीस तीव्र चढ चढवत नसल्यामुळें त्या वाटा सौम्य उताराच्याच असतात. त्यांतील कित्येक आज सायकलींसाठीं मोकळ्या आहेत. पॅडस्टो ते वेडब्रिज हा कॅमल नदीच्या खाडीकांठचा साडेपांच मैलांचा तुकडा, आणि डेव्हनमधील टार्का वाट, हे दोन्ही आम्हीं दोऱ्यांत ओवले. ब्रिस्टल येथें १९७७ मध्यें आरंभ झालेल्या सस्ट्रान्स या संस्थेनें अशा वाटा एकमेकींस जोडण्याचें काम हातीं घेतलें, १९९५ मध्यें तिला लॉटरीच्या निधींतून ४ कोटी २५ लक्ष पौंड मिळाले, आणि त्यांतून देशभर क्रमांक दिलेल्या सायकलमार्गांचें जाळें झालें. मुलांनीं त्या क्रमांकांवर फारच भरंवसा ठेविला. आमचें मत वेगळें पडलें. क्रमांकाची वाट कित्येकदां दोन मैलांसाठीं चार मैल फिरविते, आणि खडीची निघाल्यास लादलेल्या सायकलीचे हाल होतात. तिला सल्लागार मानावें, मालक मानूं नये.

ब्रिस्टलपुढें सेव्हर्न नदीचें रुंद मुख आडवें येतें. १९६६ पूर्वीं येथें ऑस्ट गांवाहून तरीनें पलीकडे जावें लागे, नाहींतर ग्लॉस्टरवरून मोठा वळसा. त्या वर्षीं झुलता पूल खुला झाला, तरी बंद झाली, आणि पुलावर सायकलस्वारांसाठीं वेगळी वाट ठेवण्यांत आली. पूल उतरतांच वेल्स लागतें, आणि वाय नदीची दरी. वर्गांत मतभेद झाला नाहीं असा हा एकच प्रदेश. दोन्ही बाजूंस वनराई, मध्यें नदी, आणि नदीच्या वळणावर टिंटर्नचा मठ : ११३१ मध्यें स्थापन झालेला, १५३६ मध्यें राजा आठव्या हेन्रीच्या काळीं मोडलेला, आज छप्पर नाहीं पण कमानी उभ्या आहेत. निसर्गशोभा पाहण्यासाठींच प्रवास करावा ही कल्पना इंग्रज लोकांत रुजविण्यास याच नदीवरील विल्यम गिल्पिन यांचें १७८२ चें पुस्तक बरेंच कारण झालें. आमच्या विद्यार्थिनीच्या दोन विश्रांतींपैकीं एक आम्हीं येथेंच ठेविली.

त्यानंतरचे हेरफर्ड, लडलो, श्रूजबरी व चेशरचें मैदान हे दिवस सुखाचे. त्यांविषयीं लिहिण्यासारखें थोडें. लिव्हरपूल व मँचेस्टर यांमधील कारखानदारीचा पट्टा मात्र मुलांस ओलांडावयाचाच नव्हता. तेवढा भाग आगगाडीनें जावा असा ठराव बहुमतानें होत आला होता. आम्हीं तो चालूं दिला नाहीं. देश ओलांडावयाचा तर त्याचें स्वयंपाकघरहि ओलांडलें पाहिजे, केवळ दिवाणखाना नव्हे. विगनजवळ कालव्याच्या कांठानें वाट काढली आणि दीड दिवसांत प्रेस्टनच्या पलीकडे आणून सोडलें.

लँकेस्टर, केंडाल, आणि मग शॅपची चढण. हा रस्ता सुमारें १४०० फूट उंचीवर जातो. एके काळीं इंग्लंडाहून स्कॉटलंडास जाणाऱ्या पुष्कळ मालमोटारी याच रस्त्यानें जात व हिंवाळ्यांत बर्फांत अडकत. १९७० मध्यें शेजारून मोठा मोटारमार्ग झाला. त्या मार्गावर सायकलीस बंदी आहे, पण त्यानें सर्व गर्दी आपल्याकडे ओढून घेतली, आणि जुना राजमार्ग ओस पडून सायकलस्वारास मिळाला. मार्ग आंखणाऱ्यानें हें सूत्र जवळ बाळगावें : नव्या रस्त्याच्या शेजारीं जुना रस्ता कोठें पडून आहे, तें शोधावें.

स्कॉटलंडांत प्रवेश केल्यावर वाट फुटते, आणि येथेंच आमचा वर्ग दोन पक्षांत फुटला. पश्चिमेचा पक्ष म्हणे, आरन बेटावरून, तरींनीं समुद्राचे फांटे ओलांडीत, ओबनवरून फोर्ट विल्यम व लॉख नेस सरोवर. पूर्वेचा पक्ष म्हणे, मॉफट, एडिंबरो, पर्थ, आणि ड्रमॉख्टरची खिंड. सौंदर्यांत पश्चिम सरस, हें पूर्वेच्या पक्षासहि कबूल होतें. परंतु तरीचें वेळापत्रक चुकलें म्हणजे दिवस जातो. आणि फोर्ट विल्यम येथें वर्षाला सुमारें २००० मिलिमीटर पाऊस पडतो, तर एडिंबरोस ७०० च्या आसपास, म्हणजे आपल्या पुण्याइतकाच. (फरक इतकाच कीं पुण्याचा पाऊस चार महिन्यांत उरकतो व एडिंबरोचा बारा महिने थोडा थोडा टपकतो.) शेवटीं पूर्व जिंकली. मॉफटवरून डेव्हिल्स बीफ टब या प्रचंड खोलगटाच्या कडेनें सावकाश चढ आहे. सरहद्दीवरील लुटारू येथें चोरलेलीं गुरें दडवीत असत. पलीकडे उतरतांच ट्वीड नदीचा उगम. पुढें फोर्थच्या खाडीवर १९६४ चा रस्त्याचा पूल, आणि त्यावरून शेजारच्या १८९० च्या पोलादी रेल्वेपुलाचें दर्शन.

आतां आमच्या चुकीविषयीं. पिटलॉक्रीहून किंगूसीपर्यंतचा दिवस आम्हीं ४५ मैलांचा ठेविला होता. मध्यें ड्रमॉख्टरची खिंड, उंची सुमारें १५०० फूट. हिच्या बाजूनेंच आगगाडी जाते, आणि ब्रिटनच्या मुख्य रेल्वेजाळ्यावरील सर्वांत उंच जागा ती हीच; जेथें आगगाडी चढते तेथें चढ सौम्यच असणार, असें आम्हीं मुलांस मोठ्या आत्मविश्वासानें शिकविलें. तें खरेंहि आहे. परंतु मागच्या बांकावरील एका अबोल मुलानें उभें राहून विचारलें, "सर, ब्लेअर अथोल सोडल्यावर डॅलव्हिनीपर्यंत पंचवीस मैल आहेत. यांत खावयास कोठें मिळेल?" आम्हीं उत्तर दिलें, "अरे, हा त्या देशाचा मोठा हमरस्ता आहे. हमरस्ता म्हटला कीं चहाचें दुकान असायचेंच." वर्ग हंसला आणि मुलगा खालीं बसला.

मेच्या अखेरीस तिचें पत्र आलें. त्या दिवशीं वारा समोरून होता, ईशान्येचा, आणि त्यांत गार पाऊस. पंचवीस मैलांत एकहि दुकान नव्हतें; मोठ्या रस्त्यालगत सायकलीची वाट, दोन्हीकडे ओसाड काळसर डोंगर, आणि बाजूनें धांवणारीं वाहनें. पिशवींत दोन केळीं होतीं तीं अर्ध्या वाटेंतच संपलीं. बोटें इतकीं बधिर झालीं कीं गतिरोधक दाबतां येईना. अंग कांपूं लागलें, आणि मग कांपणें थांबून झोंप येऊं लागली तेव्हां, ती परिचारिका असल्यामुळें, या लक्षणाचा अर्थ तिच्या ध्यानांत आला. ती सायकलीवरून उतरली, सर्व कपडे एकावर एक चढविले, सायकल ढकलीत चालत राहिली, आणि डॅलव्हिनी येथें एका घराचें दार ठोठावलें. तेथल्या वृद्ध बाईनें तिला शेगडीजवळ बसविलें. पत्राच्या शेवटीं आमच्याविषयीं एकहि कठोर शब्द नव्हता, एवढेंच होतें कीं, "सर, पुढच्या वेळीं चहाचीं दुकानेंहि नकाशांत दाखवा." आम्हीं तें पत्र सुटी संपून शाळा उघडल्यावर वर्गांत वाचलें, आणि त्या मुलाची सर्वांसमक्ष क्षमा मागितली. चूक अज्ञानाची नव्हती. आपल्या रस्त्यांवर जें असतें तें सर्व जगांत असेल असें आम्हीं धरून चाललों, आणि ज्यानें विचारलें त्यास गप्प बसविलें.

इन्व्हर्नेसच्या पुढचा भाग मुलांनीं आमच्या मदतीवांचून आंखला, आणि तो सर्वांत चांगला उतरला. लेर्ग गांवापासून रस्ता एका गाडीपुरता अरुंद होतो. समोरून वाहन आल्यास थांबण्यासाठीं ठिकठिकाणीं फुगवटे ठेवलेले असतात. मध्यें आल्टनाहारा नांवाची चार घरांची वस्ती लागते. ३० डिसेंबर १९९५ रोजीं तेथें उणे २७.२ अंश तपमान नोंदलें गेलें, आणि देशांतील नीचतम तपमानाच्या विक्रमांत तिचें नांव लागलें. तेथून नेव्हर नदीच्या कांठानें उत्तर समुद्रकिनाऱ्यावरील बेटीहिलपर्यंत. दोऱ्यानें तो सारा दिवस ४५ मैलांचा भरला.

नेव्हरची दरी नकाशांत पाहतांना एका मुलीनें विचारलें, "येथें नदी आहे, कांठीं सपाट जमीन आहे, हिरवळ आहे. मग गांवें कां नाहींत?" थंडीमुळें, असें उत्तर आमच्या ओंठांवर आलें होतें, ड्रमॉख्टरची हकीकत तेव्हां अजून घडावयाची होती, परंतु त्या दिवशीं सुदैवानें आम्ही म्हणालों, "शोधून पाहूं." शोधल्यावर कळलें कीं गांवें होतीं. १८१४ व १८१९ या वर्षीं सदरलंडच्या जमीनदारांच्या हुकुमानें या दरींतील शेतकरी कुटुंबांस बाहेर काढण्यांत आलें, घरांचीं छपरें जाळण्यांत आलीं, आणि जमीन मेंढ्यांच्या चराईस दिली गेली. पॅट्रिक सेलर या कारभाऱ्यावर १८१६ मध्यें इन्व्हर्नेस येथें खटला चालला. तो निर्दोष सुटला. हांकलून दिलेल्या लोकांपैकीं कांहीं किनाऱ्यावरील खडकाळ जमिनीवर वसले, आणि त्या वस्तीस नांव पडलें तें जमीनदारीण एलिझाबेथ हिचेंच : बेटीहिल. ज्या एकांतास प्रवासी आज शोभा म्हणतात त्याचें कारण हें आहे. मुलांनीं प्रवासाच्या कागदावर त्या जागीं सौंदर्यस्थळाची खूण काढली होती. ती त्यांनीं पुसली नाहीं, परंतु शेजारीं दोन्ही सालें लिहिलीं. आमची विद्यार्थिनी बेटीहिल येथील जुन्या चर्चमधील संग्रहालयांत दोन तास थांबली, आणि त्या दिवसाविषयीं तिनें आम्हांस सर्वांत मोठें पत्र लिहिलें.

पुढें थर्सोपर्यंत ३० मैल. वाटेंत डाउनरे येथील अणुभट्टीचा पांढरा गोल घुमट. तेथील शेवटची भट्टी १९९४ मध्यें बंद झाली. थर्सोपासून जॉन ओग्रोट्स २० मैल. याच मार्गावर १८८६ मध्यें जी. पी. मिल्स नांवाचा १९ वर्षांचा तरुण उंच चाकाच्या सायकलीवरून ५ दिवस १ तास ४५ मिनिटांत पोंचला होता, आणि २०१८ मध्यें मायकेल ब्रॉडविथ यांनीं तेंच अंतर ४३ तास २५ मिनिटांत तोडलें. आमच्या विद्यार्थिनीस २० दिवस द्यावयाचे होते, आणि त्यांत एक भांडण मिटावयाचें राहिलें होतें. जॉन ओग्रोट्स हें ब्रिटनच्या मुख्य भूमीचें उत्तर टोंक नव्हे. तें टोंक डनेट हेड, रस्ता सोडून कांहीं मैल आंत. अर्धा वर्ग म्हणे जावें, अर्धा म्हणे गुडघ्यांचा विचार करावा. निर्णय तिच्यावर सोंपविला.

ती गेली. राखून ठेवलेला विश्रांतीचा दुसरा दिवस तिनें तेथें खर्च केला. रात्रीं नऊ वाजतांहि उजेड होता, वारा त्या दिवशीं नियमाप्रमाणें नैर्ऋत्येचा होता, आणि पेंटलंडच्या सामुद्रधुनीपलीकडे ऑर्कनीमधील होय बेटाचे तांबडे कडे स्पष्ट दिसत होते. दुसऱ्या दिवशीं उरलेले मैल तोडून ती जॉन ओग्रोट्सला पोंचली, आणि परत थर्सोस येऊन आगगाडींत सायकलीची जागा तिनें एप्रिलांतच राखून ठेविली होती तींत बसली. ती सूचना वर्गाच्या कागदावर नव्हती. ती तिला स्वतःलाच सुचली.